डोंबिवलीच्या स्वयंपाकघरातून ऑनलाइन मसाले: एका पार्सलचा हिशेब

हे प्रकरण नमुन्याचं आहे. मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या अनेक घरांत दिसणारी परिस्थिती इथे एका घरात बसवली आहे. मालाचे भाव, कुरियरचे दर आणि ऑर्डरींचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, कायद्यातल्या तरतुदी मात्र खऱ्या आहेत.

घर डोंबिवलीत, सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, वन-बीएचके. नवरा ठाण्याला नोकरीला, मुलगा सहावीत, सासूबाई घरीच. सासूबाईंच्या गोड्या मसाल्याचं नात्यागोत्यात नाव आहे, आणि सुनेनं आधी काही वर्षं एका शाळेच्या कार्यालयात हिशेबाचं काम केलेलं आहे. हाताशी भांडवल ४०,००० रुपये. वेळ रोज अकरा ते तीन. दोन शेगड्या, एक मिक्सर. सहाव्या महिन्यापर्यंत महिन्याला दहा हजार सुटावेत, एवढीच अपेक्षा.

अशा घरांत पहिली चर्चा बहुधा नाव, लोगो आणि वेबसाइटवर होते. आमचा आग्रह उलट्या क्रमाचा आहे. आधी एक पार्सल डोळ्यांसमोर आणायचं, त्याचं वजन आणि त्यात उरणारे पैसे कागदावर मांडायचे. दुकान कुठे थाटायचं हे त्या कागदावरूनच ठरतं.

काय विकायचं, काय नाही

घरच्यांनी केलेल्या पहिल्या यादीत अकरा पदार्थ होते: पुरणपोळी, चकली, बेसनाचे लाडू, कैरीचं लोणचं, उपवासाची भाजणी वगैरे. त्यांना तीन कसोट्या लावल्या. फ्रिजशिवाय चार महिने टिकतं का? खोका कमरेएवढ्या उंचीवरून पडला तर माल जसाच्या तसा राहतो का? आणि दोन महिन्यांत गिऱ्हाईक ते पुन्हा मागेल का?

पुरणपोळी पहिल्याच कसोटीत गेली. चकली दुसरीत, कारण कुरियरच्या गोदामात खोके ठेवत नाहीत, फेकतात. लोणच्याची चव उत्तम, पण काचेच्या बरणीचंच वजन पाव किलोच्या घरात जातं आणि झाकणाशी तेल पाझरलं की शेजारची पार्सलंही बरबटतात. लाडू तिसऱ्या कसोटीत अडकले. त्यांची मागणी दिवाळीपुरती.

उपवासाची भाजणी तिन्ही कसोट्यांत पास होते, तरी ती बाजूला ठेवली. गिरणीत आपल्या आधी कुणाचे तरी गहू किंवा ज्वारी दळलेली असते आणि त्याचं पीठ थोडंफार आपल्या डब्यात येतंच. उपवास करणाऱ्याला हे कळलं तर तो पुन्हा फिरकत नाही, आणि त्याचं चूकही नाही. घरघंटी घेतल्यावर हा पदार्थ घेता येईल.

उरले तीन: गोडा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी. तिन्हींत कांदा-लसूण नाही, म्हणून श्रावण आणि एकूणच चातुर्मास हा त्यांचा हंगाम. विक्री श्रावणाच्या तोंडावर सुरू करायची ठरली. त्यातली अडचणही त्याच वेळी वहीत लिहून ठेवली: श्रावण म्हणजे दमट हवा, आणि दमट हवा म्हणजे मसाल्याची गुठळी.

मुठीचे ग्रॅम

सासूबाईंची कृती मूठ, चिमूट आणि "अंदाजानं" अशा मापांत होती. ती ग्रॅममध्ये आणायला दोन दुपारी गेल्या. सासूबाईंनी नेहमीसारखं सामान काढायचं आणि कढईत पडण्याआधी प्रत्येक जिन्नस काट्यावर ठेवायचा. त्यांच्या मुठीत धणे २६ ग्रॅम बसले, सुनेच्या मुठीत ३२. सहा मुठींचं प्रमाण असेल तर फरक ३६ ग्रॅमचा, आणि तेवढ्यानं मसाला फिका लागतो. खोबरं एक वाटी की किसलेलं एक वाटी, यावर थोडा वाद झाला. काट्यावर दोन्ही ठेवून पाहिल्यावर तो मिटला.

शेवटी एका किलोच्या घाण्याचा कागद तयार झाला. त्यात धणे निम्मे, मग खोबरं, तीळ, जिरे. बाकीच्यात दगडफूल, नागकेशर, शहाजिरे, दालचिनी, लवंग, वेलची, चक्रीफूल, तमालपत्र, मिरी, खसखस, हळकुंड, ब्याडगी मिरची आणि हिंग. प्रत्येकापुढे कच्चं वजन, भाजण्याचा क्रम आणि आच. तेलावर परतायचं नाही, सगळं कोरडं भाजायचं, हा सासूबाईंना न पटलेला पण व्यवसायासाठी आवश्यक बदल. गोडा मसाला मुळातच खोबऱ्यातल्या आणि तिळातल्या तेलामुळे लवकर खवट होतो. त्यात वरून तेल घातलं की टिकाऊपणा आणखी घटतो.

घट मोजायची राहून जाते, हे फार ठिकाणी पाहायला मिळतं. भाजताना ओलावा उडतो, दळताना काही यंत्रात राहतं, चाळल्यावर भरड निघते. इथे मिळून ८ टक्के धरली. म्हणजे एक किलो मसाला हवा तर कच्चा माल साधारण १,०९० ग्रॅम लागतो. भाव याच आकड्यावर काढायचा.

आणखी एक बारकावा. दळलेला मसाला पूर्ण निवल्याशिवाय पाकिटात भरायचा नाही. वरून गार वाटला तरी ढिगाच्या पोटात ऊब असते. तसाच सील केला की आतल्या बाजूला वाफ धरते आणि बुरशीची सुरुवात तिथून होते. परातीत पसरून, पातळ कापड टाकून, दोन-तीन तास. पावसाळ्यात हे पंख्याखाली करू नये, दमट हवाच आत खेळते. खिडक्या लावून कोरड्या खोलीत करावं.

पार्सल आधी, पाकीट नंतर

कुरियरचे दर बहुतेक ठिकाणी ५०० ग्रॅमच्या टप्प्यांनी चढतात. ४९० ग्रॅमचं पार्सल पहिल्या टप्प्यात, ५१० ग्रॅमचं दुसऱ्या. भाजणीचं अर्धा किलोचं पाकीट केलं की पाऊच आणि खोका धरून वजन ५७० च्या आसपास जातं आणि गिऱ्हाईक एका किलोचं भाडं भरतं. म्हणून अर्धा किलोचं पाकीट करायचंच नाही असं ठरलं. दुकानातल्या फळीवर ते शोभतं, पार्सलमध्ये नाही.

दुसरा सापळा आकारमानाच्या वजनाचा. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० नं भागायचं. काही कंपन्यांचा भाजक वेगळा असतो. येणारा आकडा किलोमध्ये. तो आणि काट्यावरचं वजन यांत जे जास्त, त्यावर भाडं. २० × १५ × ८ चा खोका म्हणजे २,४००, भागाकार ०.४८ किलो: पहिल्या टप्प्यात. तोच खोका १० सेंटिमीटर उंच घेतला तर ०.६ किलो: दुसऱ्या टप्प्यात. आत माल तेवढाच, वर दोन सेंटिमीटर हवा, आणि भाडं पुढच्या टप्प्याचं. बाजारात मिळणारा तयार खोका थोडा मोठाच घेऊन ठेवावा, असं वाटणं साहजिक आहे, पण इथे ते महागात पडतं.

या दोन मर्यादांतून संच ठरला. गोडा मसाला १०० ग्रॅम, मेतकूट १०० ग्रॅम, भाजणी २०० ग्रॅम: माल ४०० ग्रॅम. तीन पाऊच २४ ग्रॅम, खोका ४५, कागद आणि टेप १०. एकूण ४७९ ग्रॅम. दुप्पट संच ८०० ग्रॅम मालाचा, २५ × १८ × १० च्या खोक्यात ०.९ किलो आकारमान, काट्यावर साडेनऊशेच्या आत. तो एका किलोच्या टप्प्यात बसतो. पाकिटांची मापं दोनच राहिली, त्यामुळे पाऊचची खरेदीही सोपी झाली.

एका लहान संचाचा हिशेब असा:

कच्चा माल (घटीसह): गोडा मसाला ४८, मेतकूट १८, भाजणी २२, मिळून ८८ रुपये
पाऊच ३, लेबलं ३, खोका, कागद, टेप: ३६
दळण, गॅस, वीज: १०
मजुरी, २० मिनिटं, तासाला ९० च्या दरानं: ३०
फुटतूट, नमुने, परत पाठवणं: ८
कुरियर, करासह: ७५
एकूण २४७ रुपये

पाकिटांची एमआरपी १२०, ६५ आणि ८०, म्हणजे २६५. पोहोचवण्याचे ८० वेगळे, आणि ते पैसे भरण्याआधी स्पष्ट दाखवलेले. जमा ३४५, सुटले ९८.

मजुरीची ओळ घरातल्यांना खटकली. "आपणच तर करतोय" हे वाक्य इथे हमखास येतं. पण ती ओळ काढली तर व्यवसाय वाढल्यावर मदतीला बाई ठेवायची वेळ येते तेव्हा तिचा पगार कुठून द्यायचा हे कळत नाही, आणि तोपर्यंत भाव गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसलेला असतो. सून स्वतः काम करते तेव्हा ९८ अधिक ३० असे १२८ घरात येतात. दहा हजारांसाठी महिन्याला ७९ संच पुरतात. मदतनीस ठेवली तर १०३ लागतात.

आता मोफत पोहोचवण्याचं आमिष. सगळे देतात म्हणून दुप्पट संचावर ते द्यायचा विचार होता. दुप्पट संचाची एमआरपी ५३०. कुरियर सोडून खर्च ३४४, त्यातून खोक्याचे आणि वेळेचे थोडे वाचतात म्हणून ३२८. एका किलोचं कुरियर ११५. एकूण ४४३. भाडं घेतलं नाही तर सुटतात ८७. दुप्पट माल विकून लहान संचापेक्षा कमी! शेवटी दुप्पट संचावर भाडं सरसकट ६० ठेवलं, १४७ सुटतात, आणि गिऱ्हाइकाला लहान संचाच्या ८० पेक्षा ते स्वस्तच दिसतं.

भांडवल कुठे गेलं

चाळीस हजारांतले ३१,८०० सुरुवातीला गेले, पण ते दोन प्रकारचे. काटा ३,५००, हाताचा सीलर २,०००, हवाबंद डबे ३,०००, प्रयोगशाळेतली तपासणी ६,०००: हे १४,५०० अडकलेले. पाऊच १,५०० नग ७,५००, खोके २,४००, लेबलं ३,०००, पहिल्या ५० संचांचा कच्चा माल ४,४००: हे १७,३०० फिरणारे, विक्रीतून परत येणारे. अडकलेली रक्कम भरून निघायला ९८ च्या हिशेबानं १४८ संच लागतात. उरलेले ८,२०० हात न लावता बँकेत.

धणे, जिरे, मिरची एप्रिल-मेमध्ये घेतली, उन्हं दिली आणि अख्खीच डब्यांत भरली. दळण दर दहा दिवसांनी, लागेल तेवढंच. अख्खा मसाला महिनोन्‌महिने वास धरून ठेवतो. दळल्यावर घड्याळ सुरू होतं.

पोहोचल्यावर पैसे, म्हणजे सीओडी, ठेवलंच नाही. नाकारलेलं पार्सल परत येतं तेव्हा बहुतेक ठिकाणी जाण्याचं आणि येण्याचं दोन्ही भाडं आपल्या माथी. ९८ रुपये सुटणाऱ्या संचात एक परतावा दीड संचाची कमाई नेतो. यूपीआयचा व्यापारी क्यूआर बँकेकडून घेतला. यूपीआयवरचा व्यापारी शुल्कदर जानेवारी २०२० पासून शून्य आहे, त्यामुळे ३४५ मधला रुपयाही वाटेत गळत नाही.

कागद

अन्न परवान्यापासून सुरुवात. लहान उलाढालीच्या व्यवसायाला परवाना नाही, नुसती नोंदणी लागते (२०११ च्या मूळ नियमांत ही मर्यादा वार्षिक १२ लाख होती). अर्ज फॉस्कॉस या पोर्टलवर, शुल्क वर्षाला १०० रुपये. मिळणारा १४ अंकी क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापायचा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधारवरून होते आणि ती पूर्ण मोफत आहे. तिचे पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नसतं. चालू खातं उघडण्याआधीच ती केली, कारण बँक हाच कागद मागते.

पाकीटबंद माल म्हटला की वैधमापनाचं, म्हणजे वजन-मापं तपासणारं, खातं येतं. काटा शिक्का मारलेला हवा. भाजी मार्केटातला स्वस्त काटा घरी चालतो, विक्रीला नाही. २०११ च्या पाकीटबंद वस्तूंच्या नियमांतल्या नियम २७ खाली पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत नोंदणी करायची. घरगुती उद्योगांत हा कागद सर्वांत जास्त राहून जातो.

नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर वर्ग ३० मध्ये शोध घेतला, मसाले त्यात येतात. मनातली पहिली दोन्ही नावं आधीच घेतलेली निघाली. लेबलं छापून झाल्यावर हे कळलं असतं तर ३,००० पाण्यात.

लेबल

लेबलावर पदार्थाचं नाव, उतरत्या वजनानं घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, प्रति ग्रॅम किंमत, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि वापराची शेवटची तारीख, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, अन्न नोंदणीचा लोगो आणि क्रमांक, पोषणाचा तक्ता, साठवण्याची सूचना, तक्रारीसाठी फोन आणि ई-मेल, आणि बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता. प्रति ग्रॅम किंमत १०० ग्रॅमच्या मसाल्यावर १ रुपया २० पैसे येते. भाजणीवर ४० पैसे.

दोन गोष्टींवर अडखळायला झालं. पहिली ॲलर्जीची सूचना. भाजणीत आणि मेतकुटात गहू आहे, तेव्हा ग्लूटेनचा उल्लेख हवा हे लगेच लक्षात आलं. गोड्या मसाल्यात गहू नाही म्हणून तिथे लिहिलं नव्हतं. पण बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो. हिंगाच्या डबीवरचे घटक वाचल्यावर तिथेही ती ओळ आली. दुसरी गोष्ट पत्त्याची. कायद्यानं पत्ता हवाच, आणि घरून धंदा म्हणजे तो घरचाच. गिऱ्हाईक कधीही दारात उभं राहू शकतं. म्हणून लेबलावर आणि व्हॉट्सॲपच्या प्रोफाइलवर "प्रत्यक्ष येण्यापूर्वी फोन करा, वेळ ११ ते ३" असं लिहिलं.

मधुमेहावर गुणकारी, पचनाचे विकार बरे करतं, अशा ओळी जाहिरातीत टाकायचा मोह मेतकुटाच्या बाबतीत फार होतो. अन्नपदार्थानं रोग बरा होतो असा दावा करायला २०१८ च्या जाहिरात नियमांत मनाई आहे. "मऊ भात, तूप, मेतकूट" एवढं लिहिलं तरी गिऱ्हाइकाला कळतं.

बदलत नाही तेवढंच छापून घेतलं. बॅच आणि तारखांसाठी वेगळा छोटा स्टिकर. रबरी शिक्का गुळगुळीत पाऊचवर पुसला जातो, आणि तारीख वाचता येत नसेल तर ती नसल्यातच जमा.

पंचवीस पाकिटांची चाचणी

जूनमध्ये २५ संच विकले. वाटले नाहीत, विकले. फुकट दिलेल्याला सगळे छानच म्हणतात. पंचवीसपैकी नातेवाईक पाचच, बाकी ओळखीच्यांच्या ओळखीचे. "आवडलं का" हा प्रश्न विचारायचा नाही असं ठरलं होतं. विचारायचे प्रश्न तीन: कशात वापरलं, किती दिवसांत संपलं, आणि आधी हा जिन्नस कुठून आणत होता?

उत्तरांतून धंद्याचं रूप बदललं. भाजणी दोन आठवड्यांत संपते, गोडा मसाला दोन महिने पुरतो. म्हणजे संच पहिल्या ओळखीसाठी बरा. दुसऱ्या खेपेला माणूस भाजणीच मागणार, आणि वजनाच्या मानानं भाजणीवर तर सर्वांत कमी सुटतं. त्यावर दुसरी मांडणी केली: भाजणीची २०० ग्रॅमची दोन पाकिटं एका पार्सलमध्ये, म्हणजे भाड्याचा पहिला टप्पा अर्धा रिकामा जात नाही.

एक संच मुद्दाम शेगडीजवळच्या फळीवर उघडून, नुसता चिमटा लावून ठेवला. गिऱ्हाईक तसंच ठेवतं. दर रविवारी वास आणि चव. न उघडलेली पाकिटं वेगळी, त्यांतलं एक दर महिन्याला फोडायचं. लेबलावर चार महिने लिहिण्याआधी हे व्हायला हवं होतं, त्यासाठी पहिला घाणा मार्चमध्येच काढला होता.

सुरुवात आणि पहिले तीन महिने

वेबसाइट केली नाही. व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग, ठरलेली उत्तरं आणि रंगीत लेबलं एवढ्यावर भागलं: पैसे यायचे, पैसे आले, पाठवलं, पोचलं. इन्स्टाग्रामवर आठवड्याला दोन चित्रफिती, त्यांत चेहरा नाही, हात आणि कढई. फोटो खिडकीशी, सकाळच्या उजेडात, स्टीलच्या वाटीत. बल्बखाली मसाला तपकिरीऐवजी काळा दिसतो.

पहिल्या आठवड्यात ४१ ऑर्डरी आल्या. तिसऱ्या आठवड्यात ६. घरात धास्ती, जाहिरातीवर पैसे टाकायची घाई. वहीत प्रत्येक ऑर्डरीपुढे "ओळखीची" की "अनोळखी" अशी खूण होती. ४१ मधल्या ३३ ओळखीच्या निघाल्या. म्हणजे खरी सुरुवात ८ ची, आणि ६ हा आकडा घसरगुंडी नव्हताच. जाहिरातीऐवजी प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी जाऊ लागली: नंबर सेव्ह करा. ब्रॉडकास्ट यादीतला संदेश ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला असतो त्यांनाच पोचतो, हे ठाऊक नसल्यानं अनेकांचे संदेश हवेत विरतात.

तक्रारी तीन आल्या, तिन्ही शिकण्याजोग्या.

भाजणीत कच लागते. बॅच बघितली: एकाच दळणातली चार पाकिटं. गिरणीवाल्याकडे चौकशी केल्यावर कळलं की आदल्या संध्याकाळी त्यानं दगडांना टाकी लावली होती, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडल्या होत्या. टाकी लावल्यावर पहिल्या दळणांत दगडाची बारीक कच उतरते. चौघांनाही पैसे परत, आणि त्यानंतर दळण टाकण्याआधी गिरणीवाल्याला फोन. टाकी लावली असेल तर दोन दिवस थांबायचं.

मसाल्याची गुठळी झाली. पाऊच साधे पारदर्शक होते, त्यांची खालची शिवण एका कोपऱ्यात सुटत होती. सीलरचा ताप कमी पडत होता. आतून ॲल्युमिनियमचा थर असलेले पाऊच घेतले, नग दीड रुपयानं महाग, आणि सील केल्यावर प्रत्येक पाकीट दाबून हवा निसटते का ते बघायचा नेम ठेवला. संचामागे साडेचार रुपये वाढले. ९८ चे ९३ आणि काही पैसे झाले.

तिसरी तक्रार गिऱ्हाइकाची नव्हती, शेजाऱ्यांची होती. मिरची आणि हिंग भाजलं की जिन्यात ठसका. सोसायटीत हा विषय सभेत जाण्याआधी मिटलेला बरा. मिरची उन्हात कडक वाळवून, न भाजता कांडप यंत्रावर नेली, आणि भाजणं दुपारी, शाळा-ऑफिसच्या वेळेत. जाता जाता: घरात मासे होतात का, हे चातुर्मासातली गिऱ्हाइकं विचारतात. खरं उत्तर द्यावं. इथे मसाल्याची कढई, परात, चाळण वेगळी आहे आणि ती माळ्यावरच्या डब्यात राहते, असं सांगितलं; दोघींनी नको म्हटलं, बाकीच्यांनी घेतलं.

बंगळूरूहून आलेली ऑर्डर

इथे सर्वांत मोठा निर्णय होता आणि तो पहिल्या दिवशीच घ्यावा लागला. गोडा मसाला आणि भाजणी सर्वांत जास्त कुणाला हवी असते? जिथे ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही त्यांना. बंगळूरू, हैदराबाद, दिल्लीकडच्या मराठी घरांतून चौकशा येणार हे उघड होतं.

महाराष्ट्रात नुसत्या मालाच्या विक्रीला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण करपात्र माल राज्याबाहेर गेला की कायद्याच्या कलम २४ प्रमाणे नोंदणी पहिल्या रुपयापासून सक्तीची होते. मसाल्यावर ५ टक्के कर आहे, म्हणजे माल करपात्र. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर जायचं तरी हेच: १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला नोंदणीविना तिथे विकता येतं, पण राज्याच्या आतच आणि वेगळा नावनोंदणी क्रमांक घेऊन. कंपोझिशन, म्हणजे लहान व्यापाऱ्यांना उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरू देणाऱ्या योजनेतूनही सुटका नाही, तिच्यात राज्याबाहेर विकता येत नाही.

म्हणून सुरुवातीला फक्त महाराष्ट्र. बाहेरच्या चौकशांना नम्र नकार, आणि वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक नकाराची नोंद: तारीख, शहर, काय हवं होतं. गोवा आणि बेळगाव जवळचे वाटतात, पण तेही बाहेरच.

नोंदणी कधी परवडेल याचा हिशेब असा. एका संचाच्या ३४५ रुपयांत ५ टक्के कर आतूनच द्यायचा झाला तर १६ रुपये ४३ पैसे. उलट कुरियरच्या ७५ मध्ये १८ टक्के कर आहे, त्याचे ११ रुपये ४४ पैसे वजा मिळतात, पाऊचवरचे दोन-सव्वादोन. बाकी संचामागे तीन रुपयांच्या आत. मात्र कुरियरचं बिल आपल्या जीएसटी क्रमांकावर हवं, नाहीतर ही वजावट बुडते. म्हणजे करानं फार फरक पडत नाही, भार आहे तो विवरणपत्रांचा. कर सल्लागाराचे महिन्याला १,००० धरले, राज्यातले १२० संच गुणिले ३ म्हणजे ३६०, मिळून १,३६०. विवरणपत्र चुकलं तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, आणि विक्री शून्य असली तरी २०.

बाहेरचं भाडं गिऱ्हाइकाकडून पूर्ण घेतलं तर संचामागे साधारण ९० सुटतात. १,३६० भागिले ९०: पंधरा-सोळा संच. ऑक्टोबरच्या पानावर नकार ११ होते, त्यांत दिवाळीच्या चौकशाही होत्या. सलग दोन महिने आकडा सोळाच्या वर गेला तर नोंदणी करायची असं ठरलंय. अर्जाला लागणारं वीजबिल आणि घर सासूबाईंच्या नावावर असल्यानं त्यांचं संमतिपत्र फायलीत लावून ठेवलं आहे.